बिअर खराब निघाली, बदलून द्यायची का? आधी बघा नुकसान कोणाच्या खात्यात जातंय



शनिवारची संध्याकाळ. काउंटरवर सात-आठ जण उभे आहेत. तेवढ्यात एक जण झाकण उघडलेली बाटली काउंटरवर ठेवतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "शेठ, आत्ता तासाभरापूर्वी नेली. वास मारतीय. बदलून द्या."

तुमच्याकडे जेमतेम अर्धा मिनिट असतो. नवीन दुकानदार या अर्ध्या मिनिटात दोनपैकी एक गोष्ट करतो. एकतर "उघडलेली बाटली आम्ही घेत नाही" म्हणून भांडत बसतो. नाहीतर गर्दीला घाबरून गुपचूप दुसरी बाटली देतो आणि परत आलेली मोरीत ओतून मोकळा होतो. दोन्हीमध्ये पैसे तुमचेच जातात. पहिल्यात गिऱ्हाईक गेलं, दुसऱ्यात पुरावा गेला.

माझं बिअर शॉप आहे म्हणून उदाहरण बिअरचं घेतोय. तुमचं डेअरी, बेकरी, कोल्ड्रिंक, किराणा काहीही असू द्या, विचार करायची पद्धत तीच आहे, फक्त कागद वेगळे. ब्रँडचं नाव मी एकाही ठिकाणी घेणार नाही. हा लेख दुकानदारीवर आहे, दारूवर नाही.

आधी हिशोब. समजा बाटली १८० रुपयांची आणि तुम्हाला त्यात १५ रुपये सुटतात. म्हणजे खरेदी १६५. एक बाटली फुकट बदलून दिली तर तो खर्च भरून काढायला अकरा बाटल्या विकाव्या लागतात. इथेच दुकानदाराचा जीव वर-खाली होतो, आणि साहजिक आहे. पण दुसरी बाजू मांडा. तो माणूस दर शनिवारी चार बाटल्या नेत असेल तर वर्षाच्या २०८ झाल्या. पंधराने गुणा, ३१२० रुपये. १६५ वाचवायला ३१२० घालवायचे, वर तो चार मित्रांना सांगणार ते वेगळंच.

पण मी तुम्हाला "गिऱ्हाईक देव आहे, देऊन टाका" असं सांगणार नाही. असं सांगणारे खूप आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांना काउंटर चालवायचा नसतो. माझं म्हणणं इतकंच आहे की ते १६५ रुपये तुमच्या खिशातून जायलाच हवेत असं नाही. बाटली का खराब झाली यावर ते ठरतं. कारण कळलं की नुकसान कंपनीचं, तुमचं की गिऱ्हाइकाचं हेही कळतं.

कायदा काय म्हणतो ते आता बघू, कारण यात बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी अजून कित्येक दुकानांत दिसते. माल चांगला असेल आणि गिऱ्हाइकाचं फक्त मन बदललं असेल तर गोष्ट वेगळी. पण सदोष मालाच्या बाबतीत ही पाटी तुम्हाला वाचवत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७), त्यात अनुचित व्यापार प्रथांची यादी आहे. सदोष वस्तू परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं त्या यादीत आहे. बिलावर मुदत छापलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. आणि बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीतली गोष्ट आहे. म्हणजे "बिल नाही तर बदली नाही" हे वाक्य बोलायचा हक्क बिल देणाऱ्या दुकानदारालाच आहे.

यातून एक फुकटची युक्ती मिळते. बिलावर मुदत छापा. "माल सदोष आढळल्यास ३ दिवसांत बिल व बाटलीसह आणावा." नाहीतर मे महिन्यात नेलेली बाटली कोणी जूनमध्ये आणून ठेवेल आणि महिनाभर ती त्याच्या गच्चीवर होती की फ्रीजमध्ये, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. शिवाय तक्रार करणं आता अवघड राहिलेलं नाही. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी लागत नाही. १८० रुपयांसाठी कोणी जात नाही, पण बाटलीत काहीतरी सापडलं आणि पोट बिघडलं तर माणूस जातो.

बीबीएला बिझनेस लॉचा पेपर होता, त्यात एक केस होती जी मला दुकान टाकल्यावर खऱ्या अर्थाने समजली. स्कॉटलंडमधलं पेस्ली गाव, २६ ऑगस्ट १९२८. मे डोनोह्यू नावाची एक बाई मैत्रिणीबरोबर कॅफेत गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी आइसक्रीम आणि जिंजर बिअर मागवली. जिंजर बिअर म्हणजे आपली बिअर नव्हे, आल्याचं फेसाळ पेय. बाटली गडद काचेची, आतलं काही दिसत नव्हतं. थोडं पिऊन झाल्यावर उरलेलं ओतलं तेव्हा त्यातून कुजलेली गोगलगाय पडली, असं तिचं म्हणणं. ती आजारी पडली. आता दावा कोणावर करायचा? कॅफेवाल्यावर करता येईना, कारण पैसे मैत्रिणीने दिले होते, हिचा त्याच्याशी व्यवहारच नव्हता. म्हणून तिने थेट बाटली बनवणाऱ्या स्टीव्हन्सनवर दावा लावला. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि २६ मे १९३२ रोजी पाचपैकी तीन न्यायाधीशांनी सांगितलं की, बाटली जशी कारखान्यातून निघते तशीच पिणाऱ्यापर्यंत पोचणार असेल, मधे कोणाला ती तपासायची सोय नसेल, तर बनवणाऱ्याची जबाबदारी थेट पिणाऱ्यापर्यंत जाते. गंमत म्हणजे गोगलगाय खरंच होती का हे कोर्टात कधीच सिद्ध झालं नाही. स्टीव्हन्सन वारला आणि प्रकरण आपसात मिटलं.

दुकानदाराने यातून घ्यायचं ते हे: सीलबंद बाटलीच्या आत जे आहे ते कंपनीचं. पण "जशी निघाली तशीच पोचली" हे खरं ठेवणं तुमचं काम. आपला २०१९ चा कायदाही जवळपास हेच म्हणतो. कलम ८६ मध्ये विक्रेता कधी जबाबदार ठरतो ते दिलंय. वस्तू तपासण्यात किंवा सांभाळण्यात योग्य काळजी घेतली नसेल तर तो जबाबदार. कंपनी कोण हेच कळत नसेल तरी तो जबाबदार. अन्न सुरक्षा कायदा २००६ वेगळा आहेच. त्या कायद्याच्या दृष्टीने बिअर हे 'अन्न' आहे, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. मुदत संपल्यावर विकलेल्या मालाची जबाबदारी त्या कायद्यानं विक्रेत्यावर टाकली आहे. तिथे कंपनीकडे बोट दाखवता येत नाही.

आता काउंटरवर परत या. बाटली हातात घ्या आणि बघा. चव घेऊ नका, ग्लासात ओतूनही बघू नका. बिअर शॉपचं लायसन्स सीलबंद विक्रीचं आहे, दुकानात पिणं चालत नाही, आणि "चव बघत होतो" हे कारण तपासणीला आलेल्या साहेबांना सांगून बघा कसं वाटतं ते. नाक आणि डोळे पुरतात.

बाटली उजेडासमोर धरली आणि आतलं गढूळ दिसलं, तर लगेच खराब म्हणू नका. खूप थंड केलं की बिअरमधली प्रथिनं एकत्र येऊन धुरकटपणा येतो. बाटली जरा कोमट झाली की तो निघून जातो. त्याने काही होत नाही. व्हीट बिअर तर मुळातच गढूळ असते. पहिल्यांदा पिणारा ती हमखास परत आणतो, म्हणून विकतानाच सांगा, "काका, ही अशीच ढगाळ असते." एवढ्या एका वाक्याने माझ्याकडची या प्रकारची परतफेड जवळपास बंद झाली.

फेस नाही, गॅस नाही अशी तक्रार असेल तर झाकण बघा. त्याच बॅचची दुसरी सीलबंद बाटली शेजारी ठेवून झाकणाची कडा नीट बसलीय का ते जुळवा. झाकणच नीट बसलं नसेल तर गॅस हळूहळू निघून जातो. हा कारखान्यातला दोष. गिऱ्हाइकाच्या घरी सीलबंद बाटल्या शिल्लक असतील तर त्याही आणायला सांगा, त्यात भरलेली पातळी डोळ्यासमोर धरून जुळवता येते.

वास असेल तर कोणता वास? जळक्या रबरासारखा, उग्र, कुबट असेल तर ती उन्हाने मारलेली बिअर आहे. हॉप्समधल्या कडू घटकांवर उजेड पडला की गंधकाचा एक वासट पदार्थ तयार होतो. तो इतका तीव्र असतो की अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो. तपकिरी काच उजेड बराच अडवते, हिरवी आणि पांढरी काच फारसा अडवत नाही. म्हणून हिरव्या बाटलीची तक्रार जास्त येते. पुठ्ठ्यासारखी, ओल्या कागदासारखी चव लागते असं कोणी म्हणालं तर ती जुनी झालेली किंवा उकाड्यात पडून राहिलेली बिअर. आणि नुसती आंबट, उघडताच उसळून बाहेर आलेली असेल तर आत जंतू वाढल्याची शक्यता. तो दोष कारखान्यातला.

यातले पहिले दोन वास मात्र बहुतेक वेळा आपल्याच दुकानात तयार होतात. हे ऐकायला आवडत नाही. बिअरच्या धंद्यात एक ढोबळ हिशोब सांगतात. ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस आणि फ्रीजच्या ३ अंशांत ३०० दिवस, तिन्हीत बिअर साधारण सारखीच शिळी होते. आता तुमच्या पत्र्याच्या गोदामाचा मे महिन्यातला विचार करा. विदर्भ-मराठवाड्यात बाहेरच ४३-४४ असतं. लेबलवर सहा महिने मुदत छापलेली आहे म्हणून बाटली सहा महिने चांगली राहील, असं नाही. क्रेट दाराशी उन्हात उतरवून चहाला जाणारा टेम्पोवाला, शोसाठी काचेत लावलेल्या हिरव्या बाटल्या, चोवीस तास ट्यूब चालू असलेला फ्रीज, या तीन गोष्टी बदलल्या तर तक्रारी कमी होतात. फ्रीजमधल्या ट्यूबचा उजेडसुद्धा बाटलीला लागतो, फक्त उन्हापेक्षा हळू. आणि क्रेट लावताना आधी आलेला माल पुढे एवढंच बघू नका. लेबलवरची तारीख बघा. कधीकधी नंतर आलेल्या गाडीतला माल आधीच्यापेक्षा जुना असतो.

दोष कोणाचाच नाही, अशाही तक्रारी येतात. बाटलीवर पांढरट चरे, गोल ओरखडे दिसतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, "डुप्लिकेट आहे." आपल्याकडे रिकाम्या बाटल्या भंगारवाल्यामार्फत परत जातात, धुऊन पुन्हा भरल्या जातात. चार फेऱ्या झालेल्या बाटलीवर ओरखडे येणारच. (पण याच कारणाने कधीतरी आत काडी किंवा कागदाचा तुकडा राहतो, ते गंभीर आहे, त्यावर पुढे.) झाकणावरचा गंज बर्फाच्या टबातून येतो. पुसून द्या. आणि ग्लिसरीन! बाटली पाण्यात उलटी धरली की ग्लिसरीन बाहेर पडतं, ते दिसलं म्हणजे माल खराब, असं सांगणारे आजही रोज भेटतात. आंबवताना थोडं ग्लिसरॉल तयार होतं हे खरं, पण ते पाण्यात पूर्ण विरघळतं. उलटी बाटली धरून ते वेगळं होत नाही. यावर वाद घालू नका, तुम्ही हरणार. हसून "दुसरी सीलबंद घ्या" म्हणा.

फ्रीझरमध्ये ठेवून विसरलेली बाटली मात्र गिऱ्हाइकाची. बिअर उणे दोन-तीन अंशांच्या आसपास गोठायला लागते, घरातला फ्रीझर उणे अठरा असतो. कॅन फुगलेला, बाटली तडकलेली आली तर नम्रपणे नाही म्हणा.

माझ्या दुकानाचा नियम काउंटरमागे लिहून लावलाय, म्हणजे मी नसताना पोरगा आपल्या मनाने काही करत नाही. बाटलीत किमान पाऊण माल शिल्लक हवा. ६५० मिलीतली अर्धी संपल्यावर ज्याला वास येतो, त्याला वास आलेला नसतो, त्याचे पैसे संपलेले असतात. बिल हवं, किंवा यूपीआयचा मेसेज तरी. बॅच नंबर आपल्या स्टॉकशी जुळायला हवा. जुळला की भांडण नाही, लगेच बदली. गर्दीसमोर दोन मिनिटांत बदलून दिलेली बाटली ही जाहिरात असते, आणि आपल्या धंद्यात दुसरी जाहिरात करता येत नाही. "नको होती, दुसरा ब्रँड द्या" म्हणून आणलेली सीलबंद बाटली मात्र मी घेत नाही. ती बाहेर कुठे होती, झाकणाला कोणी हात लावला का, मला माहीत नाही, आणि ती मी दुसऱ्याला विकणार कशी? परत आलेली कोणतीही बाटली विक्रीच्या फ्रीजमध्ये जात नाही. ती एका वेगळ्या क्रेटमध्ये जाते.

तो क्रेट म्हणजे तुमचे पैसे. बाटलीला झाकण लावा, चिकटपट्टी लावा, वर तारीख आणि तक्रार दोन शब्दांत लिहा. लेबल, बॅच आणि झाकणाचा फोटो काढा. दर आठवड्याला कंपनीचा सेल्समन येतो, त्याला क्रेट दाखवा. तोंडी नाही, मेसेज किंवा ई-मेल. लेबलवर ग्राहक तक्रारीचा पत्ता असतोच, तिथेही पाठवा. मागे आमच्याकडे एकाच बॅचच्या पाच बाटल्या गॅस गेल्याच्या परत आल्या. सेल्समन म्हणाला, "दादा, एखाददुसरी निघते." मी पाचही फोटो एकाखाली एक टाकले, बॅच नंबर सारखा. मग वरून माणूस आला, उरलेल्या क्रेटमधल्या सीलबंद बाटल्या तपासल्या आणि पुढच्या पुरवठ्यात भरपाई मिळाली. पाच बाटल्या मोरीत गेल्या असत्या तर माझ्याकडे बोलायलाच काही नव्हतं.

बाटलीत किडा, काच, कागद, असं काही दिसलं तर नुसती बदलून देऊन विषय संपवू नका. त्या बॅचच्या उरलेल्या बाटल्या विक्रीतून बाजूला काढा, कंपनीला लेखी कळवा. गिऱ्हाइकाला अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची असेल तर अडवू नका. बाटली दडवणारा दुकानदार स्वतःहून आरोपीच्या जागी जाऊन बसतो.

बिअरमध्ये कागदाचा एक जादा भाग आहे, तो इतर धंद्यांना नाही. सदोष किंवा मुदत संपलेला माल तुम्ही रिक्षात टाकून होलसेलरकडे परत पाठवू शकत नाही. मद्याच्या वाहतुकीला पास लागतो, आणि खराब साठा नष्ट करायचा तर राज्य उत्पादन शुल्क विभागाला विचारूनच. बदलून दिलेली बाटली ना विक्रीत दिसते ना शिल्लकीत, त्यामुळे रात्रीच्या मोजणीत एक कमी येते. ही नोंद रजिस्टरमध्ये कशी दाखवायची, हे तुमच्या भागाच्या दुय्यम निरीक्षकांना दुकान सुरू करतानाच विचारून ठेवा. तपासणीच्या दिवशी नाही. इतर धंदेवाल्यांनी आपल्या सीएला विचारायचं ते वेगळं. पुरवठादाराकडून क्रेडिट नोट घेतली का, आणि माल फेकून दिला असेल तर त्यावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत केलं का. कलम १७(५) मध्ये ते येतं. बिअरवर जीएसटी नाही, व्हॅट आहे, म्हणून आम्हाला ही भानगड नाही.

अजून दोन गोष्टी, ज्या नवीन पोरं विसरतात. बदली देणं म्हणजेही बाटली हातात देणं. घरातल्या शाळकरी मुलाला "जा, बदलून आण" म्हणून पाठवणारे बाप आहेत. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ आहे. बिल बापाच्या नावाचं असलं तरी बाटली मुलाच्या हातात द्यायची नाही, मोठ्या माणसाला फोन करून बोलवा. आणि ड्राय डेच्या आदल्या रात्री नेलेली बाटली खराब निघाली, दुसऱ्या दिवशी शटरवर थाप पडली, तरी शटर उघडायचं नाही. तीन दिवसांची मुदत छापलेली असेल तर अशा वेळी ती एक दिवसाने वाढवून द्या. मी शटरवर तसा कागदच चिकटवतो.